तपकिरी म्हणजे विकायचं

४ मार्च, रविवार

पिशवी उलटी केली. पाच बटणं टेबलाच्या काचेवर पडली. एक घरंगळत कडेला गेलं, ते केमिस्टने तळहाताखाली दाबलं. तीन काळी, दोन तपकिरी. ठराव नामंजूर.

"किती?" मास्तरने विचारलं. बटणं त्याच्या नाकासमोर होती.

"तीन-दोन. समोरच आहेत, मोजून घे."

"तू मोजलीस ना, फूटपट्टी. मग झालं."

हा टोमणा होता. मी मंडळाच्या वहीत नोंद केली, सह्या घेतल्या. मास्तरची सही ओळ सोडून खाली गेली. घाईत होता. जाताना उंबऱ्याला अडखळला आणि उंबऱ्यालाच 'माफ करा' म्हणाला. सगळे हसले. मीही.

मंडळाच्या वहीत एवढंच. बाकीचं इथे.

अकरा वर्षांपूर्वी या इमारतीतल्या आम्ही पाच जणांनी मिळून सोन्याचं शंभर ग्रॅमचं एक बिस्किट घेतलं. एकट्याला कुणालाच परवडलं नसतं. मी, ही, खालच्या मजल्यावरचा मास्तर, तळाला दुकान असलेला केमिस्ट आणि मागच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या टेलरबाई. प्रत्येकाचे वीस ग्रॅम. बिस्किट बँकेच्या लॉकरमध्ये आहे. माझी आणि केमिस्टची, दोघांची सही झाल्याशिवाय लॉकर उघडत नाही.

नियम मी लिहिले. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं नकाशे काढले; अंदाजाने केलेलं काम मला बघवत नाही. बिस्किटाच्या पाकिटाचं सील फोडायचं नाही. विकायचं तर अख्खं, पाचांत तिघांचं मत असेल तर. मत गुप्त. नामंजूर झालेला ठराव चाळीस दिवस परत आणायचा नाही. आणि ज्याला विकायचं असेल त्याने कारण सांगायचं नाही, इतरांनी विचारायचं नाही.

हा शेवटचा नियम टेलरबाईंमुळे आला. पहिल्याच वर्षी त्यांनी मुलीच्या फीसाठी विकू या असं सुचवलं. केमिस्ट म्हणाला, "फी दर वर्षी येते, ताई." बाई सगळ्यांसमोर रडल्या. कुणाला कुठे बघावं कळेना. दुसऱ्या दिवशी मी नियम घातला.

बटणं बाईंचीच. प्रत्येकाला दोन: तपकिरी म्हणजे विकायचं, काळं म्हणजे ठेवायचं. एक पिशवीत टाकायचं, एक डब्यात. पांढरं आणि काळं घ्या असं मी सुरुवातीलाच म्हणालो होतो. "पांढरी शर्टांना लागतात, भाऊ. ही पडून आहेत."

आज मास्तरने बटणं बोटांत बराच वेळ फिरवली, खिडकीपर्यंत घेऊन गेला. केमिस्ट म्हणाला, "मास्तर, बटण आहे, हिरा नाही." ही दिवा लावायला उठली होती. साडेचारच वाजले होते, मी नको म्हणालो.

मास्तरला का विकायचं आहे ते न विचारताच कळतं. तो सत्तेतल्यांचा माणूस. त्याच्या शाळेला मैदान त्यांनी दिलं, तेव्हापासून. बावीस तारखेला मतदान आहे. सरकार पुन्हा येणार, चलन सावरणार, सोनं उतरणार, असं तो तीन महिने सांगतो आहे. आता विकायला काढलं म्हणजे त्याला जाहीर करायचं होतं की मी माझ्या बोलण्यावर पैसे लावतो. माझं मत उलट. सोनं धरून ठेवणं म्हणजे या सरकारवर रोजच्या रोज अविश्वास दाखवणं. मला ते आवडतं.

दुसरं तपकिरी कुणाचं? हिचं नाही. केमिस्टचं शक्य नाही. म्हणजे टेलरबाई फिरल्या.

६ मार्च, मंगळवार

भाव चढला. केमिस्टने दुकानातल्या पाटीवर औषधांवरच्या सवलतीच्या खाली आजचा भाव खडूने लिहायला सुरुवात केली आहे. गोळ्या घ्यायला येणारे आधी तो वाचतात.

भाजी घेऊन येताना मास्तर समोरून येत होता. मी हात वर केला. तो चार पावलांवरून, माझ्याकडे बघत, निघून गेला. माझ्या शर्टावर विरोधी पक्षाचा बिल्ला होता.

एकतीस वर्षं. मी त्याच्या बायकोला खांदा दिला आहे. बिल्ल्यावरून ओळख विसरायची?

हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बिल्ला काढून फिरा मग."

"मी का काढू?"

"मग हाक मारायची. तोंड होतं ना?"

९ मार्च, शुक्रवार

रात्रीतून सात ठिकाणी फलक लागले. आमच्या फाटकावर दोन्ही पक्षांचे, एकावर एक.

केमिस्टकडे पंधरा मिनिटं उभा होतो. त्याचं म्हणणं साधं आहे. "काका, कुणीही येऊ दे. आले तेच परत तर नोटा छापणार, भाव वर. नवे आले तर पहिले सहा महिने गोंधळ, भाव वर. कुणालाच बहुमत नाही मिळालं तर मग विचारूच नका." त्याला पक्ष नाही. तो कुठल्याही बातमीत भावच वाचतो.

इथे लिहायला हरकत नाही: आमच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात सोन्यावरचा आयातकर निम्मा करू असं आहे. म्हणजे आम्ही जिंकलो तर भाव पडणार. मला आम्ही जिंकायला हवे आहोत आणि भावही पडायला नको आहे. दोन्ही एकदम मागणारा माणूस मूर्ख ठरतो. हे केमिस्टला बोललो नाही.

ही संध्याकाळी तासभर खाली मास्तरकडे होती. परवाही होती. काय करत होतीस विचारलं तर म्हणाली, "पत्रं आली होती त्यांची." पत्रं मास्तरची, हिचं काय काम?

"त्याने काही विचारलं माझ्याबद्दल?"

"तुमच्याशिवाय जगात विषय नाहीत का हो?"

११ मार्च, रविवार

बुद्धिबळाला मास्तर नको म्हणाला. "मोहरे कंटाळलेत आपल्याला." सलग तिसरा रविवार.

मी एक कात्रण नेलं होतं. सरकारने परदेशी चलन कसं उधळलं यावर एका प्राध्यापकाचा लेख, महत्त्वाच्या ओळी लाल पेन्सिलने अधोरेखित केलेल्या. वाच म्हणालो. त्याने कागद हातात घेतला, जरा वेळ समोर धरला आणि घडी घालून परत दिला.

"छान आहे."

"छान? तुझ्या लोकांना चोर म्हटलंय त्यात."

"भाषा छान आहे, म्हटलं."

एवढ्या वेळात कुणाचंही वाचून झालं नसतं. न वाचता परत द्यायचं होतं, ते तोंडावर सांगायचं. पाणी देताना त्याने ते पेल्याच्या बाहेर ओतलं, माझ्या कात्रणावर. लाल रंग पसरला.

१४ मार्च, बुधवार

नळाला पाणी नाही. भाव तोच.

१६ मार्च, शुक्रवार

सकाळी मास्तर वर आला. दारातच उभा राहिला.

"ठराव परत ठेवता येईल?"

"चाळीस दिवस. तेरा एप्रिलनंतर."

"त्याआधी नाही?"

"नियम बदलायला पाचही जणांच्या सह्या लागतात. केमिस्ट देणार नाही. आणि खरं सांगू? मीही देणार नाही. मतदानाच्या तोंडावर असली गडबड नको."

"नियम तूच केलेस."

"हो."

"चांगले केलेस." तो हसला. "माझा हिस्साच कुणी घेतला तर?"

"वीस ग्रॅमचे पैसे रोख आहेत कुणाकडे? माझ्याकडे नाहीत, तुला माहीत आहे."

त्यावर त्याने मान हलवली आणि कठडा धरून जिना उतरला. पायऱ्या मोजत होता, मोठ्याने, एक-दोन, एक-दोन, शाळेत मुलांना चालवायचा तसा. मला ऐकवायला असेल. मी दार लावून घेतलं.

त्याच्या मनात एवढी घाई का, याचा दुपारी विचार केला. त्यांच्या गोटात काही कळलं असणार. निकालानंतर सोन्याच्या विक्रीवर कर लावणार अशी अफवा आहेच. टेलरबाईंच्या एका गिऱ्हाइकाने तर घरातलं सोनं नोंदवावं लागेल असंही सांगितलं आहे. मास्तरला आतली बातमी असेल आणि त्याने ती आम्हाला सांगितली नसेल, तर ते मैत्रीत बसत नाही.

२२ मार्च, गुरुवार

क्रमाने लिहितो.

मतदान मास्तरच्या जुन्या शाळेत होतं. सकाळी नऊला निघालो तर तो खाली फाटकाशी उभा. इस्त्रीचा शर्ट, एक बटण वरखाली लागलेलं.

"चल," म्हणाला, "तुझीच वाट बघत होतो."

"दोघांनी एकत्र जायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, फूटपट्टी मोडली."

रस्त्यात त्याने माझा दंड धरला. इतक्या वर्षांत असं कधी धरलं नव्हतं. मला वाटलं, समेट. मी बिल्ला खिशात टाकला. त्याने ते बघूनही न बघितल्यासारखं केलं, असं तेव्हा वाटलं.

खोलीत टेबलाशी गेल्यावर तो अधिकाऱ्याला म्हणाला, "मला दिसत नाही. माझ्या वतीने हे खूण करतील."

मी त्याच्याकडे बघितलं. तो अधिकाऱ्याकडे बघत होता, पण जरा बाजूला, खुर्चीच्या पाठीकडे.

अधिकाऱ्याने एक छापील कागद पुढे केला. सोबत्याने भरायचा. सांगितलेल्या उमेदवारालाच मत देईन, ते कुणाला सांगणार नाही. "नातं काय लिहू?"

"शेजारी," मी म्हणालो.

"विरोधी पक्ष," मास्तर म्हणाला.

अधिकारी हसला नाही. त्याने शेजारी लिहिलं.

पुठ्ठ्याच्या आडोशाला आम्ही दोघे. मास्तर माझ्या कानाशी म्हणाला, "वरून दुसरं." मतपत्रिकेवर वरून तिसरं नाव आमच्या उमेदवाराचं होतं. पेन्सिल माझ्या हातात होती. मास्तर छताकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं, कुणाला कळणार आहे? तेवढंच वाटलं, पण वाटलं. मग दुसऱ्या नावापुढे फुली केली. माझा हात हलला आणि एक रेघ चौकटीच्या किंचित बाहेर गेली. मत बाद होतं का, हे मी अधिकाऱ्याला दोनदा विचारलं. नाही म्हणाला.

मग माझं मत दिलं. कुणाला, ते आठवायला लागतंय.

बाहेर मैदानाच्या कडेला बाकावर बसलो. साखरेने केलं सगळं. डावा डोळा दिवाळखोर झाला, हे त्याचे शब्द. उजव्यात आतून रक्त उतरतं आहे, समोर कोळिष्टकं लटकल्यासारखी. ऑपरेशन लवकर झालं तर उजवा राहील. दोन एप्रिलची तारीख मिळाली आहे. पैसे एकोणतीस मार्चला दुपारी बारापर्यंत भरायचे. नाही भरले तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

"मला सांगितलं का नाहीस?"

"कारण सांगायचं नाही ना?"

"मास्तर!"

"आताही सांगत नाहीये. मतदानाला सोबती लागतो, म्हणून तुला कळलं. सोन्याचा याच्याशी संबंध नाही. वहीत काही लिहू नकोस. आणि बाकीच्यांना बोलायचं नाही. दया म्हणून दिलेला पैसा मला नको, तूच म्हणायचास ते."

मी असं म्हणायचो, हे खरं आहे.

"हे करायला माझ्याकडेच का आलास? तुझ्या पक्षाची इतकी माणसं आहेत."

"त्यांनी माझं मत त्यांनाच दिलं असतं, मी काहीही सांगितलं असतं तरी. तू मात्र मी सांगेन तेच करणार होतास. तुझा तो रोग आहे."

पेन्सिल हातात असताना काय मनात आलं ते त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

घरी आलो तर ही दारातच. माझं तोंड बघून म्हणाली, "कळलं एकदाचं."

"तुला माहीत होतं?"

"पत्रं कोण वाचून दाखवतं त्यांना? हॉस्पिटलची होती. शपथ घातली होती मला. आणि तुमच्या नियमात कारण सांगायचं नाही."

"मग चार तारखेला..."

"मी तपकिरी टाकलं."

मी जेवलो नाही. ती म्हणाली, उपाशी राहून त्यांना दिसायला लागणार आहे का? मग जेवलो.

२३ मार्च, शुक्रवार

हिचं एक तपकिरी. मास्तरचं एक. म्हणजे टेलरबाईंनी काळंच टाकलं होतं आणि मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला. माफी मागायला गेलो. माफी कशाची ते सांगता येत नव्हतं, म्हणून पायजम्याची नाडी घेऊन गेलो.

बाई मशीनवर होत्या. पाय न थांबवता म्हणाल्या, "निकालानंतर आपलं बिस्किट सरकार घेऊन जाणार का हो, भाऊ? गिऱ्हाइकं काय काय बोलतात. मी तर घाबरून विकायचं म्हटलं होतं. तुम्हाला राग आला असेल."

"तुम्ही तपकिरी टाकलं?"

"गुप्त असतं ना ते? गेलं तोंडातून." त्यांनी मशीन थांबवलं. "हो. तपकिरी."

नाडी तिथेच राहिली. घरी येऊन कागदावर मांडलं. केमिस्ट काळं, मी काळं. ही तपकिरी, बाई तपकिरी. पिशवीतून तीन काळी निघाली. तिसरं काळं मास्तरचं.

ठराव त्यानेच मांडला होता आणि त्यानेच पाडला. त्याला ते माहीत नाही. त्याला वाटतं, आम्ही तिघांनी पाडला.

ही दिवा लावायला उठली होती. मी नको म्हणालो.

२४ मार्च, शनिवार

केमिस्टकडे गेलो. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबलो. म्हटलं, निकालाआधी सभा घेऊ, विकायचा ठराव मी मांडतो, चाळीस दिवसांचा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवायला तुझी सही हवी.

तो पाटीवरचा भाव पुसत होता. "अरे वा! तुमचे लोक येणार अशी हवा आहे, आयातकर कमी होणार, भाव पडणार. म्हणून आधीच निसटायचं? काका, पक्ष एका खिशात आणि सोनं दुसऱ्यात!"

एवढ्या मोठ्याने की रस्त्यावरच्या दोघांनी वळून बघितलं. मला कारण सांगता येत नव्हतं. मास्तरला शब्द दिला होता. "तसं समज," म्हणालो.

त्याने खडू ठेवला आणि हळू बोलला.

"मास्तरांसाठी करताय?"

"कोण मास्तर?"

"काका, त्यांना इन्सुलिन कोण देतं? डोळ्यांचे थेंब कोण देतं? चिठ्ठी माझ्याच हातात येते. मला डिसेंबरपासून माहीत आहे."

मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. "माहीत असून काळं टाकलंस?"

"माहीत होतं म्हणूनच टाकलं. चार तारखेच्या भावात त्यांच्या हिश्श्यात नुसतं ऑपरेशन बसत होतं. पुढे इंजेक्शनं आहेत, दर महिन्याला एक, किती महिने ते डॉक्टरही सांगत नाहीत. उधार तर ते घेत नाहीत माझ्याकडून. निकालाला भाव उसळला की सगळं निघतंय त्यात. तीन आठवड्यांनी काय होतं? मी त्यांच्यासाठीच धरून बसलोय."

"त्याला विचारलंस?"

"विचारायचं नाही ना? नियम कुणाचा?"

अकरा वर्षांत मी पहिल्यांदाच त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसलो. त्याने मला पाणी दिलं.

२७ मार्च, मंगळवार

सगळे अंदाज सांगतात की कुणालाच बहुमत नाही. भाव आज एका दिवसात इतका चढला, की पाटीवर केमिस्टने वरच्या सवलती पुसून मोठ्या अक्षरात लिहिला. सराफाच्या पेढीबाहेर रांग आहे. निम्मे विकायला, निम्मे घ्यायला, आणि दोघेही एकमेकांना वेडे समजतात.

केमिस्टचा हिशेब खरा असू शकतो. निकालानंतर आठ दिवस थांबलो तर वीस ग्रॅमवर किती जास्त येतील ते मी काढलं. मास्तरच्या वीस ग्रॅमवर काढायला बसलो होतो. मग लक्षात आलं की मी माझ्या वीस ग्रॅमवरही काढतो आहे, आणि हिच्या. कागद फाडला.

उद्या संध्याकाळी सभा. नोटीस चौघांना दिली. मास्तरला वाचून दाखवली. त्यात विषय लिहिला आहे: चार मार्चच्या नोंदीत दुरुस्ती.

२८ मार्च, बुधवार

पाच वाजता सगळे आले. दिवे दोन्ही लावले होते.

मी उभा राहिलो. म्हणालो, "चार तारखेची मोजणी बरोबर होती. मत चुकून पडलं होतं. ठराव तीन-दोनने मंजूर झाला होता. म्हणून नवीन ठराव लागत नाही, नियम बाजूला ठेवायची गरज नाही, नोंद तेवढी दुरुस्त करायची."

"मत कुणाचं चुकलं?" मास्तरने विचारलं.

हिने माझ्याकडे बघितलं. मी वही बंद केली.

"तुझं. तू काळं टाकलंस."

मास्तरचा हात टेबलावर होता. बोटं एकदा मिटली, उघडली. बाई पदराचं टोक पिळत होत्या. केमिस्ट खाली बघत होता.

"म्हणजे," मास्तर म्हणाला, "मी विरोधकांना मत दिलं?"

"हो."

"आयुष्यात पहिल्यांदा." आणि तो हसायला लागला. इतका, की खोकला आला, आणि बाईंनी त्याच्या हातात पेला दिला. हातात, नीट, बोटं त्याभोवती मिटवून. "टेलरबाई, तुम्हालाही ठाऊक आहे वाटतं?"

"शर्टाची बटणं कशी लावता ते रोज बघते मी, मास्तर. वाटलं, बाईमाणूस घरात नाही म्हणून. आत्ता कळलं." त्या मग रडल्याच. या वेळी कुणी दुसरीकडे बघितलं नाही.

"सगळ्यांना माहीत आणि सगळे गप्प," ही म्हणाली. "काय पण मंडळ!"

मी म्हणालो, कारणाचा नियम मी मागे घेतो. पाच सह्या लागतात, त्या नंतर घेऊ. आता ज्याला जे बोलायचं ते बोला.

केमिस्ट बोलला. तेच, जे मला सांगितलं होतं, पण मास्तरला तोंडावर. उद्या निकाल. बहुमत कुणालाच नाही. आठवडाभरात भाव कुठच्या कुठे. हॉस्पिटलची तारीख तीन आठवडे पुढे गेली तर जाऊ दे, त्यापुढच्या इंजेक्शनांची काळजी मिटेल. त्याने आकडे सांगितले. "मास्तर, माझं काय जातंय? तुमचं भलं व्हावं म्हणून सांगतोय."

"ठाऊक आहे रे."

"मग थांबा ना आठ दिवस."

मास्तरने खिडकीकडे तोंड केलं. "हे बघ. या खिडकीला गज किती?"

"सहा."

"चार तारखेला मी इथे उभा होतो बटण घेऊन, तेव्हा सहा मोजले होते. रंग कळला नाही, पण गज मोजले. सोळा तारखेला दारातून बघितले, तर तीन. आता तिथे खिडकी आहे हे मला उजेडावरून कळतंय. तुझा भाव चढतोय त्याच दिवसांत हे उतरतंय. तीन आठवड्यांनी मला पैसे जास्त मिळतील. ते मोजायला पुन्हा फूटपट्टी लागेल."

खालून कुठल्या तरी पक्षाची शेवटची गाडी गेली. प्रचार संपून आठवडा झाला होता, कर्णे परत द्यायला चालले असतील.

केमिस्ट उठला, टेबलाशी आला, वही स्वतःच उघडली. दुरुस्तीखाली पहिली सही त्याने केली. "दुकान उद्या उशिरा उघडेन. लॉकर दहाला उघडतो. सराफाशी मी बोलून ठेवतो, रांगेत उभं राहायला नको."

"पडला भाव उद्या तर?" बाई म्हणाल्या.

"पडला तर पडला. चढला तर मला शिव्या देऊ नका, काकांना द्या."

बाईंनी सही केली, हिने केली. मास्तरचं बोट मी ओळीवर ठेवलं. सही सरळ आली. मग माझी.

इंजेक्शनांचं नंतर बघू असं ठरलं. केमिस्ट म्हणाला, उधारी नव्हे, खातं. मास्तर म्हणाला, खातं म्हणजे उधारीच. पाऊण तास वाद चालला. मिटला नाही.

सगळे गेल्यावर मी मास्तरला खाली सोडायला गेलो. जिन्यात त्याला मतदानाच्या दिवशीचं सांगितलं. पेन्सिल हातात असताना काय मनात आलं होतं ते.

तो दोन पायऱ्या उतरला. "मग केलंस का?"

"नाही."

"मग काय सांगतोयस? चल, पायरी सांग."

सांगितली.

२९ मार्च, गुरुवार

सकाळी दहाला लॉकर उघडला. अकराला बिस्किट विकलं. भाव कालच्यापेक्षा थोडा कमी मिळाला. पावणेबाराला हॉस्पिटलच्या खिडकीवर पैसे भरले. पावती मी मास्तरला वाचून दाखवली, त्याने घडी घालून खिशात ठेवली. मतमोजणी चालू होती.